टेबल कुणाच्या नावावर?

रेस्टॉरंटमधलं टेबल राखून ठेवायच्या एका सॉफ्टवेअरचा मराठी फॉर्म मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आला. पहिलीच ओळ होती, ‘आरक्षणासाठी नाव व आडनाव अनिवार्य’. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे नजर आधी शब्दांवर जाते. ‘आरक्षण’ या शब्दाने मराठीत मोर्चे, आयोग आणि कोर्टकचेऱ्यांचं इतकं ओझं वाहिलं आहे, की बिर्याणीच्या टेबलासाठी तो वाचला की हसू येतं. ‘टेबल राखून ठेवा’ म्हटलं तरी भागतं. पण हसून झाल्यावर नजर पुढच्या शब्दांवर अडकली. नाव. आडनाव. अनिवार्य.

फॉर्म पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. वडाळा रोडला तो हॉटेल काढतो आहे. तीन कंपन्यांची माणसं येऊन त्याला आपापलं सॉफ्टवेअर दाखवून गेली होती. त्याचा प्रश्न साधा होता, “सर, आपल्याकडच्या लोकांना यातलं कुठलं चालेल?” आता ‘आपल्याकडचे लोक’ म्हणजे कोण, ते कसे बसतात, किती वाजता येतात, किती जण येतात आणि बसण्याआधी त्यांना काय विचारलेलं चालतं, हे कंपनीच्या माहितीपत्रकात कुठून असणार? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, आणि नाशिकमध्ये तर बरंच मागे.

नाशिक मुळात पाहुण्यांचं गाव. मोगलांच्या काळात याचं नाव गुलशनाबाद होतं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पण राज्य कुणाचंही असो, गोदावरीवर येणाऱ्या यात्रेकरूंची रीघ काही थांबली नाही. हॉटेल नावाची वस्तू नव्हती तेव्हा हा यात्रेकरू उतरायचा कुठं आणि जेवायचा कुठं? तो आपल्या तीर्थोपाध्यायाचं घर शोधायचा. उपाध्याय गाव, जात, कूळ, आडनाव विचारायचे, वह्या काढायचे आणि त्यात या माणसाच्या आजोबा-पणजोबांची नोंद सापडायची. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे या वह्या आजही आहेत, आणि वंशावळ शोधणारी माणसं आजही त्यांच्याकडे जातात. आजच्या भाषेत हा ग्राहकांचा डेटाबेसच झाला. त्या विचारण्यात आपुलकी होती, हे मान्य करायला हवं. परक्या गावात आपल्या पणजोबाचं नाव कुणीतरी वाचून दाखवतो, हा अनुभव लहान नाही. पण त्याच उत्तरावरून पंगतही ठरत होती. कोण ओसरीवर बसणार, कोण अंगणात आणि कोण दाराच्या बाहेर, हे नाव सांगितल्याबरोबर ठरायचं.

पंगत म्हणजे नुसती जेवणाऱ्यांची रांग नव्हे. महाराष्ट्राच्या समाजजीवनाची ती मोजपट्टी होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं देण्यात आली. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता कप हाती घेतला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठा गहजब झाला. ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहाची ही गोष्ट शाळेत शिकवली जाते ती सनातनी आणि सुधारक यांचा वाद म्हणून. मला तिच्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. चहा प्यायल्याने जेवढं बिघडलं नाही, तेवढं यादी छापल्याने बिघडलं. कोण कुठं बसून काय प्यायलं हे नावानिशी लिहिलं गेलं, की ते शस्त्र होतं.

कोल्हापूरची गोष्ट याच्या उलट आहे. राजवाड्याच्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि कांबळे यांना स्वतंत्र धंदा करायला पैसे दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज फिरायला निघाले की गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले. स्वतः चहा घ्यायचे आणि गाडीतल्या सोवळ्या मंडळींनाही पाजायचे. राजाने चहा घेतल्यावर नाही म्हणणार कोण? गंमत म्हणजे २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानात ५० टक्के जागा मागासांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढणारे हेच महाराज. तेव्हा ‘आरक्षण’ आणि हॉटेलातली खुर्ची यांचा संबंध मी वर थट्टेत काढला खरा, पण तो तितकासा हास्यास्पद नाही. नोकरीतली जागा आणि चहाच्या बाकावरची जागा, दोन्ही एकाच माणसाने खुल्या केल्या.

हेही लक्षात ठेवलं पाहिजे की त्याच महाराजांना शिक्षणासाठी जातवार वसतिगृहं काढावी लागली. १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग सुरू झालं, मराठा, जैन, लिंगायत अशी वेगवेगळी बोर्डिंगं झाली. नाशिकचं उदाजी मराठा बोर्डिंग त्याच चळवळीतलं. मुलं एका वर्गात बसायला एक वेळ तयार होती, एका पंगतीत बसायला नव्हती.

रेल्वे आली आणि वाटलं, आता डब्यात सगळे एकत्र कोंबले जातील तर जेवणही एकत्र होईल. झालं भलतंच. मोठ्या स्टेशनांवर हिंदूंचं उपाहारगृह वेगळं, मुसलमानांचं वेगळं, गोऱ्यांचं तर वेगळं होतंच. फलाटावर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या ऐकू येत. लाल किल्ल्यात ठेवलेल्या आझाद हिंद फौजेच्या कैद्यांनाही ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ वेगवेगळा दिला जाई. गांधीजी भेटीला गेले तेव्हा कैद्यांनी सांगितलं, की आम्ही दोन्ही चहा एकत्र ओततो आणि अर्धा-अर्धा वाटून पितो. मला ही आठवण स्वातंत्र्यलढ्यातल्या कितीतरी मोठ्या प्रसंगांहून जास्त आवडते.

आपण मुसलमान इथं अभिमानाने सांगतो, की आमच्या दस्तरख्वानवर उच्च-नीच नसतं. ते बऱ्याच अंशी खरं आहे. बोहरी समाजात तर एका थाळाभोवती आठेक जण बसतात आणि त्यातूनच खातात. पण लग्नाच्या दावतीत बायकांचा दस्तरख्वान कितव्या फेरीला लागतो आणि तोवर डेगमध्ये काय उरलेलं असतं, हेही एकदा मोजून पाहावं. बिरादऱ्यांचं तर बोलायलाच नको. ‘मेजवानी’ हा मराठी शब्द फारसी ‘मेज़बानी’वरून आला, ‘खुर्ची’ अरबी ‘कुर्सी’वरून आली. शब्द आपण उदार हाताने दिले. बसायची जागा तितक्या उदारपणे दिली का, हा प्रश्न आपल्यालाही आहे.

या सगळ्यात पहिली मोठी फट पाडली ती इराण्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, केरमान भागातून आलेल्या या लोकांनी मुंबई-पुण्यात चौकाचौकांत चहाची हॉटेलं थाटली. बहुतेक जरथुष्ट्री, काही शिया मुसलमान. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा गाळा अशुभ म्हणून इतर दुकानदार घ्यायचे नाहीत, तो यांनी घेतला. संगमरवरी गोल टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. मालक गल्ल्यावर. तो पैसे विचारायचा, नाव विचारायचा नाही. बायका-मुलांसाठी पडदा किंवा लाकडी आडोसा करून ‘फॅमिली रूम’ असायची, म्हणजे बाईलाही त्या जगात पाय ठेवता आला. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात आणखी एक युक्ती होती. आधी कुपन घ्यायचं आणि आपला नंबर येईपर्यंत बाकावर थांबायचं. कुपनावर आकडा असतो. आकड्याला जात नसते, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

नंतर कायद्याने या गोष्टीवर शिक्का मारला. ज्या नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह झाला, त्याच सत्याग्रहाच्या नेत्याने घडवलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही तिथं जाण्यापासून अडवता येणार नाही. संविधानात मूलभूत हक्कांमध्ये हॉटेल यावं, यातच आपला इतिहास आला.

आजचं नाशिक याच वाटेवर चालतं. रविवारी सकाळी गंगापूर रोड किंवा मखमलाबादकडच्या कुठल्याही मिसळीच्या ठिकाणी जा. फाटकाशी एक पोरगा वही घेऊन उभा असतो. “किती जण?” एवढाच त्याचा प्रश्न. उत्तर असतं, “सहा... थांब, आठ. दोघं पार्किंगला आहेत.” नाशिककर नंबर लावतो, आदल्या दिवशी टेबल राखत नाही. जुन्या नाशकात, दूध बाजार, चौक मंडईकडे तर वहीही नाही. सीक लावलेल्या शेगडीपाशी उभं राहायचं, कोण हात धुवायला उठतोय त्यावर नजर ठेवायची.

टेबल राखायचं सॉफ्टवेअर आलं ते दुसऱ्या मुलखातून. ‘ओपनटेबल’ ही कंपनी १९९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. तिथल्या रेस्टॉरंटांच्या दारात जाड नोंदवही असायची, तिचीच ही इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. आपल्याकडे ‘डाइनआउट’ २०१२ मध्ये आलं, २०२२ मध्ये ‘स्विगी’ने ते विकत घेतलं. भारतीय गिऱ्हाइकाने अशी ॲप्स टेबलासाठी कमी आणि बिलातल्या सवलतीसाठी जास्त उघडली, असं माझं मत आहे. त्याला मी दोष देत नाही. पण या साऱ्या सॉफ्टवेअरांच्या पोटात जेवणाऱ्याचं एक चित्र असतं. तो संध्याकाळी येतो, दोघं किंवा चौघं असतात, दिलेल्या वेळेला येतात, दीड तासात उठतात, शनिवार-रविवार गर्दी करतात. त्याला नाव असतं, आडनाव असतं.

यातलं आपल्याकडे काय जुळतं? मालेगाव आपल्याच जिल्ह्यात. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांनी वसवलेल्या मोहल्ल्यांचं शहर. तिथले यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. म्हणजे हॉटेलांची आणि सिनेमांची गर्दी शुक्रवारी. ज्या सॉफ्टवेअरला ‘वीकेंड’ म्हणजे शनिवार-रविवार असं ठोकून बसवलेलं आहे आणि बदलता येत नाही, ते मालेगावात पहिल्याच आठवड्यात आडवं होईल. नाशकातही जुम्याच्या नमाजनंतर, दोनच्या पुढे, एकदम लोंढा येतो. त्या दिवशी बारा ते दोन हॉल जवळजवळ रिकामा असतो.

रमजानची गोष्ट तर याहून अवघड. सॉफ्टवेअर सात, साडेसात, आठ अशी वेळ देतं. इफ्तार सूर्य मावळल्यावर. नाशिक मुंबईच्या पूर्वेला असल्याने इथला मगरिब तीन-चार मिनिटं आधी होतो, आणि महिनाभरात वेळ रोज थोडी थोडी सरकते. साडेसहाला टेबल दिलं आणि इफ्तार सहा पस्तीसला असेल, तर माणूस सहा वाजताच येऊन बसणार, कारण त्याला खजूर समोर मांडून दुआ करायची आहे. शिवाय सगळा हॉल एकाच मिनिटाला खायला सुरुवात करतो आणि पंधरा मिनिटांत अर्धा हॉल नमाजला उठतो, खुर्चीवर रुमाल टाकून. हा ‘रिकामी टेबल’ नव्हे. परत येणार आहेत. २०१५ साली रमजान जून-जुलैत होता, तेव्हा इफ्तार सव्वासातच्या सुमारास व्हायचा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० साली तर वर्षात दोनदा रमजान लागणार, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. गेल्या वर्षीच्या तारखा उचलून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर इथं काय करणार? आणि ईद २९ की ३०, ते चंद्र ठरवणार. ईदच्या दुपारची टेबलं आदल्या रात्री आठनंतरच उघडता आली पाहिजेत.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. नाशकातल्या मांसाहारी हॉटेलचं अर्धं गिऱ्हाईक हिंदू आहे. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागला की शुकशुकाट. कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, कुणाची संकष्टी. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा कुणी एक महिना पाळला, कुणी दोन. हॉटेलवाल्याच्या डोक्यात ही दोन्ही पंचांगं असतात. सॉफ्टवेअरमध्ये ती हाताने भरता येतात का, हा प्रश्न मी यादीत सगळ्यात वर ठेवायला सांगितला.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. आठचे बारा होणारच, म्हणून टेबलं जोडता आली पाहिजेत आणि गिऱ्हाइकाला त्यासाठी नवीन फॉर्म भरायला लावू नये. खाली बसून दस्तरख्वान मांडायची सोय असेल तर तिथं खुर्च्या मोजून चालत नाही, माणसं मोजावी लागतात. फॅमिली सेक्शन आहे की नाही हे पहिल्याच पानावर दिसावं, कारण बाईचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, एवढं तरी कंपनीला माहीत असावं. एका कंपनीच्या नमुन्यात उर्दूची अक्षरं सुटी-सुटी आणि उलटी छापलेली होती. मी मुलांना अशा वहीवर लाल शेरा देतो.

आता नावाकडे येतो. ‘आडनाव अनिवार्य’ ही अट आपल्याकडे मुळातच लंगडी आहे. कित्येक मुसलमानांना त्या अर्थाने आडनाव नसतं, कुणी शेख लावतो, कुणी वडिलांचं नाव. आणि ज्यांना असतं त्यांचं इनामदार, देशमुख, पाटील, मुलाणी, तांबोळी, बागवान. पाटील आडनावाचे माझे एक सहकारी आहेत. फोनवर त्यांना नेहमी “या, साहेब” ऐकू येतं, आणि दारात पूर्ण नाव सांगितलं की कधीकधी ‘साहेब’ गळून पडतं. भाड्याचं घर शोधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावर खाद्यपदार्थांच्या दुकानांवर मालकांची नावं लावायचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला अंतरिम स्थगिती देताना म्हटलं, की कुठलं अन्न मिळतं ते लिहा, मालकाच्या आणि नोकरांच्या नावाची सक्ती करता येणार नाही. तिथं प्रश्न मालकाच्या नावाचा होता, इथं गिऱ्हाइकाच्या. वडाळा रोडवरच्या मुसलमान मालकाच्या हॉटेलात हिंदू कुटुंबानं टेबल राखलं आणि ती यादी कुणाच्या हाती लागली, तर? पंचहौदच्या चहाला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण यादी छापणारे गोपाळराव काही संपले नाहीत, आता तर छापखान्याचीही गरज नाही.

म्हणून मी फॉर्ममधला तो रकाना बदलून दिला. मराठीत लिहिलं, ‘हाक कोणत्या नावाने मारू?’ आणि खाली, ‘नाव नको असेल तर नंबर मिळेल’. उर्दूतही तसंच. मोबाइल नंबर लागणारच, टेबल तयार झाल्याचा निरोप त्यावर जातो, पण तो किती दिवस ठेवायचा याला मर्यादा असावी. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम झालं की ती बाळगून बसू नये.

तिन्ही कंपन्यांना विचारायला सांगितलेला शेवटचा प्रश्न पैशांचा नव्हता. दर माणशी कमिशन की महिन्याचं भाडं, हा हिशेब विद्यार्थ्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो. प्रश्न होता, करार संपला तर वही कुणाकडे राहणार? एकाने उत्तर टाळलं. दुसरा म्हणाला, माहिती आमच्याच सर्व्हरवर राहील, तिच्यातून तुम्हाला जाहिराती करता येतील. तिसरी कंपनी सगळ्यांत लहान. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये चकचकाट कमी, पण रांगेचा नंबर नावाशिवाय काढता येतो, सुट्टीचा वार बदलता येतो आणि रोजची इफ्तारची वेळ हाताने भरता येते. गिऱ्हाइकांची नोंद तीस दिवसांनी पुसली जाईल, हे लिहून द्यायला त्यांनी होकार दिला आहे. उर्दूची अक्षरं मात्र अजून उलटीच आहेत. ती दुरुस्त करून घेण्याचं काम माझ्याकडे आलं आहे.